पासपोर्टावरची बायको

आधी माफी मागतो. आमच्या घरात वडील अंगठा लावायचे, थोरला भाऊ सही करायचा, आणि सहीच्या पुढे काही लिहिण्याची वेळ कुणावर आली नाही. मी एकसष्टाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे, दुसरं वर्ष. घरातला पहिला कॉलेजवाला मीच. पण कॉलेज म्हणजे सुट्टीवरून येताना बॅगेत भरून आणलेली पुस्तकं आणि वर्षातून एकदा गावाकडे जाऊन दिलेली परीक्षा. एवढ्यावर स्वतःबद्दल लिहायला बसणं जरा जास्तच आहे, हे मला कळतं. तरी लिहितो, कारण गेले तीन महिने पुस्तक उघडलं की चार ओळींनंतर मी उठतो आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. त्या मोजून झाल्या. नावं कुणाचीच देत नाही. माझं दिलं तर त्याच्याबरोबर आणखी दोघांची जातील, आणि त्यांना मी विचारलेलं नाही.

मी कुवेतला पंचविसाव्या वर्षी आलो. शुऐबाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे पाइप फिटर होतो, शेवटची काही वर्षं फोरमन. यंदा कंपनीने निवृत्त केलं. कागद पूर्ण होईपर्यंत इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, चालू ठेवला आहे. तो संपला की देश सोडायचा. सगळे विचारतात, आता गावाला ना? मी हो म्हणतो. खरं म्हणजे मला थायलंडला जायचं आहे. तिथे माझा माणूस राहतो.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तो वेल्डर होता. फिटर आणि वेल्डर जोडीने काम करतात. फिटरने दोन पाइप एका रेषेत आणून धरायचे, फट सारखी ठेवायची, टाके मारून घ्यायचे, मग वेल्डरने जोड भरायचा. फिटरचा हात हलला तर वेल्डरचा जोड तपासणीत नापास होतो आणि शिव्या वेल्डरला बसतात. म्हणून वेल्डर आपला फिटर बदलू देत नाहीत. एका शटडाऊनला, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती करायच्या दिवसांत, त्याचा फिटर आजारी पडला आणि मला त्याच्याकडे पाठवलं. पहिला जोड झाल्यावर त्याने काच वर केली, माझ्याकडे बघितलं आणि मला 'मुदीर' म्हणाला. अरबीत मुदीर म्हणजे साहेब. चेष्टेने म्हणाला होता. बावीस वर्षं झाली, अजून मुदीरच म्हणतो.

तेव्हा मी जलीबला आठ जणांच्या खोलीत राहत होतो. पुढे आम्ही दोघांनी मिळून फहाहीलला एक खोली घेतली. इथे असे दोन-दोन, चार-चार पुरुष एका खोलीत सगळीकडेच राहतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. बायको इथे नसली की चार पोरांचा बापसुद्धा इथे बॅचलरच. त्या गर्दीत आम्ही खपून गेलो. पण समुद्राकाठी फिरायला गेलो तर मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून चालायचो. अजूनही एकटा चालताना मी डाव्या बाजूला तेवढी जागा सोडतो.

सात वर्षांपूर्वी तो परत गेला. त्याचं घर थायलंडच्या ईशान्येला, एका भातशेतीच्या गावाजवळ आहे. दरवर्षी मी माझ्या सुट्टीचे पंधरा दिवस गावाला आणि पंधरा तिकडे असे वाटून घेतले. तिकडचे पंधरा दिवस म्हणजे काय होतं हे सांगायचं तर फारसं काही नव्हतं. सकाळी तो भिक्खूंना भात वाढायला दारात बसायचा, मीही शेजारी बसायचो. मग पपईच्या झाडांना पाणी. त्याची मोठी बहीण रोज डबा घेऊन यायची आणि मी कमी खातो म्हणून त्यालाच रागवायची. पहिल्या वर्षी तिने माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला आणि काहीतरी पुटपुटली. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "शी से, डोन्ट रन अवे." शेजारचे मला काका म्हणतात. बाजारात तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालतो आणि मीच मागे वळून बघत राहतो. मागे कुणी नसतं. ही सवय जायला किती वर्षं लागतील माहीत नाही.

मागच्या वर्षी त्याला छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं. त्याच्या बहिणीला फोन उचलता येत नव्हता इतकी ती घाबरली होती, म्हणून मी इथून दवाखान्यात फोन लावला. नर्सने विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, "फ्रेंड." तिने अगदी गोड आवाजात सांगितलं, की माहिती फक्त कुटुंबाला देतात. तो बरा होऊन घरी आला तेव्हा म्हणाला, "मुदीर, पेपर मेक." आता त्याच्या देशात दोन पुरुषांना लग्न नोंदवता येतं. मला हे सुचलंच नव्हतं. मी खूप वेळ नुसता हो हो म्हणत राहिलो.

आणि मग मी पासपोर्ट उघडून शेवटचं पान बघितलं.

त्या पानावर आई-वडिलांच्या खाली बायकोचं नाव असतं. माझ्या पासपोर्टावर आहे. ते माझ्या वहिनींचं आहे.

असं झालं होतं. मुंबईचा एजंट म्हणाला, लग्न झालेल्याला कंपनी आधी उचलते, तो पळून जात नाही. बायकोचं नाव सांग. मी सांगितलं, नाही झालं. तो म्हणाला, "अरे मग कुणाचं तरी सांग ना, मागे लाइन बघ." वर्षभरापूर्वीच दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आल्या होत्या. घरात आई सोडून ती एकच बाई. तिचं नाव माझ्या तोंडातून गेलं. पुढे दर दहा वर्षांनी पासपोर्ट नवा झाला आणि ते नाव नव्या पुस्तकात उतरत राहिलं.

मी ते कधी बदलायला गेलो नाही, आणि त्याला आळस हे कारण नाही. ते नाव मला उपयोगी पडत होतं. खोलीवर कुणी लग्नाचं विचारलं की मी पासपोर्ट पुढे करायचो. अहमदीला आपले इंजिनिअर लोक गणपती बसवतात, तिथे आमच्यासारख्यांनाही बोलावतात. एकदा तिथल्या एक बाई प्रसाद देताना म्हणाल्या, "काय हो, वहिनींना कधी आणणार? का त्या पासपोर्टापुरत्याच आहेत?" सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "घरी गुरं आहेत, ती सोडून येत नाही." हे तरी खरं होतं. वहिनींकडे दोन म्हशी होत्या.

लग्न नोंदवायला मी अविवाहित असल्याचा दाखला लागतो. तो इथली आपली वकिलात पासपोर्ट बघून देते. पासपोर्टाची मुदतही यंदाच संपत होती, म्हणून नवा करतानाच नाव काढून टाकावं असं ठरवून मी अर्ज घेऊन वकिलातीच्या खिडकीवर गेलो. आत एक केरळी मुलगी होती.

"अंकल, डिवोर्स का पेपर?"

"शादी ही नहीं हुई."

"तो ये कौन है?"

"भाभी है."

तिने पासपोर्ट बघितला, मला बघितलं. "किसकी?"

"मेरी."

मागच्या रांगेतला कुणीतरी फिसकन हसला. तिने मात्र हसू आवरलं आणि आत जाऊन विचारून आली. नाव काढायला एक तर घटस्फोटाचा कागद लागतो, नाही तर बायकोच्या मृत्यूचा दाखला. माझ्याकडे दोन्हींपैकी एकही असणं शक्य नव्हतं. तिसरा मार्ग म्हणजे वहिनींनी स्वतः तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, की मी या माणसाची बायको कधीच नव्हते, आणि सोबत दादाबरोबरच्या त्यांच्या लग्नाचा दाखला जोडायचा.

म्हणजे वहिनींना सांगावं लागणार होतं. दादा जाऊन सहा वर्षं झाली. वहिनींनी घेतलं नाही तर त्या घरात मला उंबऱ्याच्या आत घेणारं दुसरं कुणी नाही. एक पुतण्या आहे, तो आईच्या शब्दाबाहेर नाही. सांगितलं तर घर जायची भीती, नाही सांगितलं तर तो दवाखान्यात आणि मी फ्रेंड. तीन शुक्रवार मी फोन लावला आणि पावसापाण्याचं बोलून ठेवला. चौथ्या शुक्रवारी बोललो.

"वहिनी, एक काम होतं."

"बोला की भावजी. आवाज का असा? जेवलात ना?"

"माझ्या पासपोर्टावर बायकोच्या जागी तुमचं नाव आहे."



"माझं? कुणी घातलं?"

"मीच. एजंटने नाव विचारलं, मला दुसरं सुचलं नाही."

"अगो बाई!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला. "म्हणजे एवढी वर्षं मी सरकारात दोघांची बायको! तुमचे दादा असते तर तुमच्या पाठीत सोटा घातला असता. आणि मला एक साडी तरी जास्त आणायची होतीत, बायको म्हणून."

मीही हसलो. मग प्रतिज्ञापत्राचं सांगितलं.

"आता कशाला खोडताय? राहू दे की. एकसष्टीला लग्न करताय काय?"

त्या चेष्टेत म्हणाल्या होत्या. मला तेवढ्यावर फोन ठेवता आला असता, काहीतरी नियमबियम सांगून. मी म्हणालो, "हो."

"खरंच? बाई कोण?"

"बाई नाही, वहिनी. थायलंडचा तो, माझ्याबरोबर कामाला होता."

 मग त्या म्हणाल्या, "तव्यावर भाकरी आहे. ठेवते."

त्यानंतर पाच आठवडे काही नाही. मी पुतण्याला प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला, त्याने अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. शुक्रवारी फोन केला तर आई रानात गेली आहे म्हणाला. पुढच्या शुक्रवारीही रानातच. मी सामान बांधायचो आणि शर्ट हवा म्हणून परत सोडायचो. अभ्यासात निबंधाचं प्रकरण होतं, विषय निवडा आणि पाचशे शब्द लिहा. मी तीन विषय निवडले आणि तिन्ही अर्धे सोडले. उन्हाचं बाहेर पडू नये अशा वेळी बाहेर पडायचो, चौकापर्यंत जाऊन परत यायचो, आणि जिन्यात फोन बघायचो, जणू चौकात असताना तो वाजला आणि मला ऐकू आला नसेल.

तिकडून त्याचा रोज फोन. "मुदीर, सिस्टर टॉक?"

"नो."

"नो प्रॉब्लेम. वेल्डर ऑल्वेज वेट. फिटर स्लो."

मला राग आला. मी म्हणालो, माझं घर जायची वेळ आली आहे आणि तुला चेष्टा सुचते.  मग त्याने त्याच्या भाषेत बहिणीला काहीतरी सांगितलं आणि ती फोनवर येऊन मला न कळणारं पुष्कळ बोलली. आवाजावरून ती मला नव्हे, त्यालाच रागवत होती.

इकाम्याचे एकोणीस दिवस उरले होते. मी कोपऱ्यावरच्या दुकानात खुबूस, म्हणजे इथली रोटी, घ्यायला उभा होतो, तेव्हा पुतण्याचा आवाजी निरोप आला. मी रांग सोडून बाहेर आलो आणि एसीच्या गळत्या नळीखाली उभा राहून ऐकला. तो असा होता:

"काका, मी बोलतोय. आईला घेऊन आज तहसीलला जाऊन आलो. आधी दोनदा गेलेलो, पण आईबाबांच्या लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नव्हती, म्हणून तुम्हाला काय सांगू नको म्हणाली आई, उगाच जीव टांगणीला लावू नको म्हणे. आज झालं. तो कारकून विचारत होता, बाई, इतक्या वर्षांनी नाव कशाला काढताय? आई म्हणाली, आमच्या भावजींचं लग्न आहे. तो हसला, म्हणाला, या वयात? मुलगी कुठली? तर आई, सगळ्यांच्या देखत हां काका, म्हणाली, मुलगी नाही, बाप्या आहे, आणि तुला बोलवणार नाहीत, तू शिक्का मार. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला... मला जरा वेळ लागेल काका. पण शिक्का मारलाय. फोटो पाठवतोय. सही आईची आहे, नीट वाचता येते का बघा, नाहीतर सोमवारी परत जाऊ."