काहूनचा रकाना

सोमवारी काका कामावर आले. मंगळवारी आले नाहीत. दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला, काका गेले. आम्ही सहाही जण संगणक बंद करून त्यांच्या घरी गेलो.

उमरखेडला, कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. फोनवरच्या काही जाहिराती नुसत्या बघायच्या नसतात, अर्धा मिनिट खेळायच्या असतात. गेम आवडला तर माणूस तो उतरवून घेतो. त्या जाहिराती आम्ही बनवतो. एकेकीत क्लायंट पंधरा-वीस वेळा बदल सांगतो. कुठली आवृत्ती कुठे आहे हे कळेनासं झालं, तेव्हा मालकांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या काकांना आणलं. ते कागद बांधून ठेवायचे लाल कापडाचे बस्ते घेऊन आले. आम्ही हसलो.

एका जाहिरातीला एक बस्ता, प्रत्येक दुरुस्तीला एक चिठ्ठी. तिच्यावर तीन रकाने: काय, कोणी, आणि काहून, म्हणजे का. शेवटच्यात 'क्लायंटने सांगितलं' असं लिहिलं की चिठ्ठी परत यायची. "त्यानं सांगतलं हे मले मालूम आहे, पोरी. काहून सांगतलं?"

प्रत्येक आवृत्ती ते स्वतः खेळत, चष्मा कपाळावर चढवून. हरले की पडद्यावर वाट दाखवणाऱ्या बोटावर चिडत. "हे कायले एवढी घाई करून राह्यलं? मले पाहू त दे!"

गेल्या उन्हाळ्यात फळं जुळवायच्या गेमचं काम होतं. चौदा दुरुस्त्यांनंतर क्लायंटने कळवलं, पाचवी आवृत्तीच बरी होती. संध्याकाळपर्यंत द्या, नाहीतर पुढची कामं दुसरीकडे देऊ. आमचं ऑफिस त्याच्याच कामांवर चालत होतं. आणि पाचवी नव्हती. नापसंत झालेली म्हणून जागा करायला मीच ती पुसली होती, कोणाला न विचारता.

मी काकांना सांगितलं. त्यांनी बस्ता सोडला आणि चौदावी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "एवढं काढ. मंग तेरावी. उलटी चाल."

ते वाचत गेले, मी एकेक बदल मागे घेत गेले. नवव्या चिठ्ठीवर अडलो. 'काय'मध्ये माझ्या अक्षरात फक्त 'नवा रंग' होतं. जुना कोणता, ते नव्हतं. काकांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे, त्यांनी परत पाठवल्यावर मी नाइलाजाने लिहिलेलं: 'पिवळा उन्हात दिसत नाही.'

सहावीही काढून झाली तेव्हा चार वाजून गेले होते. काकांनी फोन हातात घेतला. पडद्यावरचं बोट क्षणभर थांबलं, मग सरकलं. "हां. हेच होतं. हे मले पाहू देते."

फाइल गेल्यावर ते म्हणाले, "आता पाचवी पुसल्याची चिठ्ठी लिव."

"काका, मालक पाहतील."

"पाहू दे. बस्ता पाहासाठीच असते."

मी नाव लिहिलं. काहूनमध्ये लिहिलं: 'परत लागेल असं वाटलं नाही.' काकांनी वाचलं आणि बस्त्याला गाठ मारली. मालकांनीही पुढे ती वाचली. माझी नोकरी राहिली. आवृत्त्या पुसणं मात्र तेव्हापासून बंद झालं.

त्या मंगळवारनंतर ऑफिस उघडलं, तेव्हा काकांच्या टेबलावर सोमवारची चिठ्ठी राहिली होती. दोन रकाने भरलेले, तिसरा कोरा. मी क्लायंटला फोन करून विचारलं आणि तो भरला.

बस्ते कपाटात आहेत. गाठ आता मी बांधते.