ज्ञानदेवचा बसलेला आवाज

हवालदार ज्ञानदेव आणि मी सैन्यात एकाच पोस्टवर होतो. तो निमोण्याचा, मी वडगाव रासाईचा. मी रेडिओ ऑपरेटर. पोस्ट पंधरा हजार फुटांवर होती. रोज सकाळी सहाला प्रत्येकाने आपल्या शेजारच्या जवानाची विचारपूस करायची, असा हुकूम होता. डोकं दुखतंय का, उलटी झाली का, बोलताना अडखळतोय का.

एका सकाळी मी रेडिओवर माझाच कॉल साइन, म्हणजे ओळखीचा शब्द, चुकलो. ज्ञानदेवने हँडसेट काढून घेतला.

"ऑपरेटर बीमार है. नीचे भेज रहा हूँ. ओव्हर."

चार तासांत मला खाली उतरवलं. विरळ हवेने मेंदूला सूज आली होती. त्याने ओळखलं म्हणून मी वाचलो.

रिटायर झाल्यावर मी शेती धरली. तो दौंडजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन म्हणून लागला. दर रविवारी फोन व्हायचा.

थंडीत त्याला खोकला लागला. "धुळीचा हाय," म्हणाला. त्याने आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. मग पाठ दुखायला लागली, आडवं झालं की जास्त. त्याने पट्टा आणला. होळीच्या आधी आवाज बसला, तो उघडलाच नाही. घशाच्या गोळ्या घेत राहिला. मग एका रविवारी त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी फोन घेतला.

"भाऊजी, ह्यांची पँट कमरंवर ठरंना. सकाळी उठलं की डोकं दुखतंय. परवा ओकले बी."

"पित्त असंल. मी येतो बघायला."

कांदा काढणी चालू होती. जायला पंधरा दिवस लावले. ते दिवस माझ्या हिशोबात आहेत.

मंगळवारी सकाळी दहाला फाटकावर पोचलो. ज्ञानदेवची गालफडं बसली होती. त्याने फाटक बंद केलं, केबिनमध्ये आला. फोन वाजला. फाटक बंद झाल्याची खूण म्हणून गेटमनने तक्त्यावरचा एक नंबर स्टेशन मास्तरांना सांगायचा असतो. ज्ञानदेवने तक्त्यावर बोट ठेवलं. तोंड उघडलं. आकडा आला नाही. उजव्या हातातून पेन पडलं. तो त्या हाताकडे बघत राहिला.

मी फोन घेतला. "गेटमन आजारी आहे. फाटक बंद आहे. नंबर देता येत नाही. बदली माणूस पाठवा."

"कोण बोलतंय?"

"हवालदार, रिटायर्ड. त्याचा दोस्त."

"गाडी थांबवतो. फाटक उघडू नका."

बदली माणूस दहा पस्तीसला आला. अकराला आम्ही दौंडच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरमॅडम म्हणाल्या, लकवा वाटतोय. मी म्हणालो, आणखी सांगायचं आहे. खोकला चार महिने, पाठ तीन, आवाज दोन. वजन उतरलंय. सकाळची डोकेदुखी, उलटी.

त्या लिहायच्या थांबल्या. "हे सगळं एकत्र कुणाला सांगितलं होतं?"

कुणालाच नाही. खोकल्याला एक डॉक्टर, पाठीला दुसरा, घशाला मेडिकलवाला.

छातीचा फोटो तिथंच काढला. पुढचं स्कॅन आणि गाठीचा तुकडा काढून तपासणं पुण्यात झालं. फुप्फुसाचा कॅन्सर, मणक्यात आणि मेंदूत पसरलेला. आवाजाची नस गाठीखाली दबली होती. विडी न ओढणाऱ्यालाही होतो, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

औषधांनी मेंदूची सूज उतरली. बोलणं थोडं परत आलं.

"विठ्ठल, मला वाटलं वय झालं."

"मला कळायला पाहिजे होतं."

"तू फोनवर व्हतास. तुला चेहरा कुठं दिसत व्हता?"

आवाज तर ऐकू येत होता.

गणपतीनंतर पाच दिवसांनी तो निमोण्यातच, घरी वारला.

शिरूरला आम्हा माजी सैनिकांची बैठक असते. शेवटी ड्युटीवर गेलेल्यांची नावं वाचतात. तो गेल्यानंतरच्या बैठकीत कागद माझ्याकडे होता. शेवटी मी ज्ञानदेवचं नाव घातलं होतं. वाचण्याआधी एका सुभेदार साहेबांनी कागद पाहिला.

"हे ड्युटीवर गेलेले न्हाईत."

"व्हय साहेब. आजारानं गेला."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मी सगळी नावं वाचली आणि मग त्याचं. हवालदार ज्ञानदेव, मुक्काम निमोणे. सुमनवहिनी मागच्या रांगेत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यानंतर सर्वांत आधी सुभेदार साहेब उठले, मग सगळे.