राखणदाराच्या पुढ्यातले तांदूळ

कुवेतमध्ये इतकी वर्षं काढूनही ज्याला परकेपणाने राहणं अजिबात जमलेलं नाही असं एकच माणूस मी पाहिलं आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोची मावशी. काकांच्या नोकरीपायी ती मालवणाहून उचलून फिंतासला आणली गेली, पण येताना गाव मागे ठेवायला विसरली. फहाहीलच्या मासळीबाजारात ती उभी राहिली की बाजार तिचा असतो. माशाचा कल्ला उघडून ती मासेवाल्याला "शिनू हादा, मेल्या? कालचो मासो माका देतंस?" असं विचारते आणि तो इजिप्तचा गडी मुकाट्याने खालच्या टोपलीतला ताजा मासा काढून देतो. पहिल्या दोन अरबी शब्दांखेरीज त्याला काही कळत नसणार, पण आवाज कळतो. मी जावई असल्यामुळे मला मात्र ती अतिशय मानाने वागवते. "जावईबापू, जरा गाडी काढता?" असं म्हणेपर्यंत ती गाडीत बसलेलीही असते.

समोरच्या दारातली जोसी ही तिची जिवाभावाची मैत्रीण. जोसी फिलिपिनो, एका सलूनमध्ये केस कापायची. नवरा आणि मुलं तिकडे गावी. मावशीकडून तिच्याकडे पहिल्यांदा बांगड्याच्या तिकल्याचा, म्हणजे झणझणीत कालवणाचा, डबा गेला आणि तिथून सगळं सुरू झालं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही हे मावशीने जोसीला असं काही पटवलं की तो एकच स्टीलचा डबा वर्षानुवर्षं या दारातून त्या दारात फिरत राहिला. जाताना सोलकढी, येताना नूडल्स. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हेही तिने शिकवलं. मावशी मालवणीत बोलायची, जोसी इंग्रजीत, आणि भांडण झालं तर दोघी हिंदीत.

ती जोसी कायमची घरी जायला निघाली. मावशीने हे आम्हाला सांगितलं ते भाजी निवडता निवडता, जणू वाण्याने दुकान बदललं असावं. पण त्या आठवड्यात तिने दोनदा आमटीत दुप्पट मीठ घातलं आणि काकांनी दोन्ही वेळा ती निमूट खाल्ली, तेव्हाच मी समजलो. मावशीला एकच गोष्ट खात होती. जोसीचं गाव बघायला येईन असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी सुट्टीत मालवणला जायची. नेमकं तेव्हाच राष्ट्रीय संग्रहालयात फिलिपिनो कलेचं प्रदर्शन लागलं. "तिचो देश बघितल्याशिवाय तिका कशी धाडू?" मावशी म्हणाली. जोसीलाही बरोबर घेतलं आणि गाडी अर्थातच मी काढली.

संग्रहालयाच्या दारावर बॅगा तपासत होते. मावशीच्या पिशवीतून नारळ निघाला, खण निघाला आणि तो सुप्रसिद्ध डबा निघाला. निरोपाआधी जोसीची ओटी भरायची होती. मल्याळी रखवालदाराने नारळ टेबलावर ठेवून घेतला आणि मावशीला बिल्ला दिला. डब्यात कोरडे तांदूळ होते. ते खाण्याची वस्तू धरायचे की नाही यावर त्याने थोडा विचार केला आणि नाद सोडला.

आत मावशी जी सुटली! अननसाच्या पानांच्या तंतूंनी विणलेलं झिरझिरीत कापड पाहून तिने दहा मिनिटं त्यात लुगडी किती निघतील याचा हिशेब केला. भातलावणीच्या चित्रातल्या बायकांना रोपं फार लांब लांब लावल्याबद्दल बोल लावला. मासे विकणाऱ्या बाईच्या मोठ्या तैलचित्रापुढे ती चष्मा वर करून इतकी वाकली की आतला रखवालदार "अम्मा, हाथ मत लगाना" म्हणत धावत आला. "हात कोण लावता? ह्यो बांगडो कालचो आसा, डोळे बघ हेचे," मावशी त्यालाच म्हणाली. त्यानेही वाकून डोळे बघितले आणि मान डोलावली. जोसी हसून हसून खाली बसली. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग शेवटच्या दालनात काचेमागे लाकडाचा एक बसका पुरुष दिसला. उकिडवा बसलेला, हात गुडघ्यांवर, नजर समोर. आमच्या डोंगरात हा भाताच्या कोठारात बसतो आणि पीक राखतो, जोसीने सांगितलं. मावशीने तिथल्या तिथे चपला काढल्या. "अगो, ह्यो तर आमचो राखणदार!" तिने हात जोडले, मग तिची नजर त्याच्या पुढ्यात गेली आणि ती कळवळली. "हेच्या पुढ्यात एक दाणो नाय! मगे ह्यो राखता काय हयसर? काच?" डबा उघडून तिने मूठभर तांदूळ घेतलेसुद्धा, पण रखवालदार हात जोडून उभा राहिला. बिचाऱ्याची नोकरी होती. मावशीने मूठ परत डब्यात सोडली. असं हरलेलं तिला मी पहिल्यांदाच बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

ती जोसीकडे वळली. "तुझ्या गावात आसा मां ह्यो?"

"अंकलच्या कोठारात आहे," जोसी म्हणाली.

"मगे हे तांदूळ थयल्याक घाल. हयलो उपाशी रवलो तरी थयलो जेवांदे."

बिल्ला देऊन नारळ सोडवला आणि तिथल्याच अंगणात ओटी भरली. जोसीच्या जीन्सला पदर कुठला, तिने गळ्यातला स्कार्फ पसरला. मावशीने कुंकू लावलं, खण-नारळ घातला आणि वर तांदळाचा तो डबाच ठेवला. मुलगी माहेराहून निघावी तशी जोसी रडली. मावशी रडली नाही, तिने फक्त दोनदा नारळ नीट केला. "मावशी, येतंय," जोसी मालवणीत म्हणाली.

परवा जोसीने फोटो पाठवला. अंधाऱ्या कोठारात तसाच एक लाकडी पुरुष, पुढ्यात तांदळाची छोटी रास आणि बाजूला आमचा डबा. मावशीने फोटो मोठा करून खूप वेळ पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. आता समोरच्या दारात कोणी दुसरेच राहतात आणि संध्याकाळी मावशी दार उगाच उघडं ठेवते, हे मला बायकोने सांगितलं होतं.

"डबा पाठवायला सांगू का तिला?" मी विचारलं.

"नको. ती रिकामो पाठवची नाय, आणि भरलेलो वाटेत नासात," मावशी म्हणाली, आणि पायात चपला सरकवल्या. "जावईबापू, थयसर, जोसीच्या गावाक, गाडी जाता काय?"