केन्याचं जंगल
उपटलेल्या तणाचा ओला वास आला की पेडगावच्या आमच्या घरामागचं फुटकं घमेलं आठवतं. शाळेत असताना माझ्या लाडक्या पुस्तकातलं जादूचं जंगल मी त्यात उभं केलं होतं: निळ्या फुलांचा केना, थोड्या दुर्वा आणि काडेपेटीचं इवलंसं घर. एका संध्याकाळी कापसातलं निंदण करून आलेल्या वडिलांनी खुरप्यानं ते सगळं साफ केलं आणि म्हणाले, “लय तण माजलं व्हतं बघ.” मी रडत रडत त्यांच्यापुढे पुस्तकातलं चित्र धरलं. ते बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शेतातून मुळासकट केना घेऊन आले आणि घमेल्यात खोचता खोचता म्हणाले, “जन्मभर हेच उपटलं, पयल्यांदाच लावायलोय.” आता माझ्या कुंडीत केना उगवला, तर मी त्यालाही पाणी घालते.