हळकुंडाचा आवाज

निजामाच्या अमदानीत वसमतच्या बाजारात एक आडत्या होता. त्याचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरायचं. हळद घेऊन आलेल्या माणसाकडं तो बघायचाही नाही. पोत्यातलं हळकुंड कानाशी नेऊन मोडायचा, पान थुंकायचा अन् म्हणायचा, "वल्लं हाय." मग चांगली वाळलेली हळदसुद्धा लोक हात जोडून त्यालाच पडत्या भावात देऊन टाकायचे.

मी हात जोडले नाहीत. चीड गिळून त्याच्या शेजारी उभा राहायचो अन् ऐकायचो. ओलं हळकुंड मुकाट्यानं तुटतं, वाळलेलं खणकन वाजतं.

एकदा माझं हळकुंड त्याच्या हातात असंच खणकन वाजलं. तरी तो म्हणाला, "वल्लं हाय."

मी दुसरं उचललं अन् त्याच्याच कानाशी मोडलं. आवाज आसपासच्यांनीही ऐकला.

"आणखी एक मोडू का, शेठ?"

पान चघळायचं थांबवून त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "हे कुणी शिकवलं रे तुला?"

"तुमीच."

माझ्या मागं एक म्हातारा हात जोडून उभा होता. त्यानं हात सोडले, आपल्या पोत्यातलं हळकुंड काढलं अन् स्वतःच्या कानाशी नेलं.