हळदीचा सोबती

बोनकोड्यात हळद म्हटली की बँजो आला, मटण आलं आणि मंडपामागे बाटली आली. दारू सोडलेल्या माणसाला लग्न झेपतं, हळद झेपत नाही. म्हणून आमच्या व्यसनमुक्ती केंद्राकडे नंदकुमार आहेत. गावातलेच, तीन मजली इमारतीचे मालक, स्वतः अकरा वर्षं दारूला न शिवलेले. नव्याने सोडलेल्या कुणाला हळदीचं आमंत्रण आलं की हे त्याच्या शेजारी जाऊन बसतात. कोणी ग्लास पुढे केला तर असे डोळे वटारतात की देणाराच पळतो. पगाराचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही.

पोपट तर त्यांच्याशिवाय हलत नसे. सोडून तीन वर्षं झाली तरी साध्या बारशालाही त्याला नंदकुमार बरोबर हवेत. मी केंद्रातली समुपदेशक. मला ते खुपायला लागलं. सुरुवातीला माणसाने कुणावर तरी भार टाकावाच, त्याशिवाय तो उभाच राहत नाही. पण जन्मभर? त्यात पोपटच्या मुलीची, मनालीची हळद आली.

"या हळदीला तुम्ही जायचं नाही," मी नंदकुमारांना बजावलं.

"ताई, तो पडंल."

"पडला तर उचलू."

बोलून गेले खरी, पण त्या संध्याकाळी फोन हातातून खाली ठेवला नाही. पोपट घसरला असता तर पोरीच्या हळदीत घसरला असता, आणि ते पाप माझं असतं.

साडेसातला त्याचा फोन आला. "ताई, पोरीला हलद लागली. सगल्यांनी आग्रह केला, पन मी सरबतच घेतला." माझे डोळे भरून आले.

लगेच नंदकुमारांना कळवलं. पलीकडून नुसतं "बरं" आलं. मला वाटलं, रुसले.

"आनंद नाही झाला?"

"झाला ना." मग हळूच म्हणाले, "ताई, अकरा वरसं मी कोनाला तरी सांबालायला म्हनूनच हलदीला बसलो. त्याच्या ग्लासावर नजर ठेवली की आपला हात जागेवर रातो. आज घरात एकटा हाय. बँजो इथपर्यंत ऐकू येतो. तुमी जरा येता का?"

पोपटला टेकू किती दिवस द्यायचा याचा मी एवढा विचार केला. टेकूला कोणाचा आधार आहे, हे भिंतीवर पदवी टांगलेल्या मला कधी सुचलंच नव्हतं. लाज वाटली. "दार उघडं ठेवा, निघालेच," म्हटलं आणि त्यांच्या दारात रिक्षा थांबेपर्यंत फोन चालूच ठेवला.