सलीमभाई बोलायचे थांबले तेव्हा

त्या मंगळवारी दुपारी सलीमभाई वारले. मांडीचं हाड मोडलं होतं, त्याचं ऑपरेशन झालं होतं. रक्ताची गाठ फुफ्फुसात अडकली.

ते आमचे शेजारी. गेवराईच्या बाजारात फळांचा गाडा लावत. त्यांच्या बोलण्यात स्वल्पविराम नसे. खरबूज कुठल्या शिवारातलं, त्याला पाणी किती, कालच्या गिऱ्हाइकाच्या सासूला ते कसं मानवलं, सगळं एका दमात. मध्ये कोणी तोंड घातलं तर म्हणत, "थांब बे, माझं होऊ दे. तुला घरी बी बोलता येतं." मला मात्र सूट होती. "सर, तुमी वाचा. बोलायचं मी बघतो."

महामार्ग ओलांडताना मोटारसायकलने त्यांना उडवलं. ऑपरेशन करून घरी आणल्यावर अख्खी गल्ली भेटायला येऊ लागली. मी गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते.

"या सर." थांबले. "बसा." पुन्हा थांबले. "आज तुमी बोला."

शबानाभाभी चहा घेऊन आल्या. "बघा की सर, त्या मोटारसायकलवाल्यानं ह्यांना अदब शिकवली. कालपासून दुसऱ्याचं ऐकून घ्यायलेत."

आम्ही सगळे हसलो. सलीमभाईही हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. छातीत बारीक कळ येते, म्हणाले. कोपऱ्यातून कोणी धीर दिला, "मुका मार हाय, निघंल हळूहळू."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी ओठ निळे पडले होते. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, मीही सोबत गेलो. डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि विचारलं, "बोलताना दम कधीपासून लागतोय?"

भाभी माझ्याकडे पाहू लागल्या.

तपासणीत गाठ दिसली. पायात झालेली, रक्तातून वर गेलेली. हाड मोडून माणूस पडून राहिला की असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं होतं. ते पुरलं नाही.

"पण दुखणं तर पायात होतं ना, साहेब?" भाभी विचारत राहिल्या.

नवऱ्यामागे घरातच राहायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपल्यावर भाभी गाडा लावू लागल्या. शेजारच्या दाराला आता दिवसभर कुलूप असतं.